शिडी ज्याने त्याने चढावी

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय वरकरणी अगदी लहान आहे. कारखान्यांतील यंत्रांना आज्ञा देण्याची एक चित्रलिपी आहे. तिला लॅडर लॉजिक असे म्हणतात. ही लिपी विद्यार्थ्यांना शिकविताना त्यांचा गृहपाठ आपणच करून देण्याचा मोह कसा टाळावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. हे सांगण्याचा अधिकार मला आला तो माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. हा मोह मला एकदा आवरला नाही, म्हणून तो आला.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी नांदेडकडचा एक मुलगा खोली घेऊन राहत असे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात होता. एके दिवशी संध्याकाळी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हे उद्या सकाळी द्यायचे आहे. तुम्ही एवढे एकदा काढून द्या. मी नंतर समजून घेतो." मुलगा गुणी होता, घरची परिस्थिती बेताची होती, आणि मला ते काम अर्ध्या तासाचे होते. मी ते करून दिले. त्याला चांगले गुण मिळाले. पुढे आणखी तीनचार वेळा असेच घडले आणि 'नंतर समजून घेण्याचा' दिवस काही उगवला नाही.

यथाकाल त्याला शहराबाहेरील एका कारखान्यात नोकरी लागली. एका रात्री दोनच्या सुमारास माझा फोन वाजला. मालाचा पट्टा बंद पडला होता, पाळीवरचे लोक खोळंबले होते आणि हा एकटा पडद्यासमोर उभा होता. मी म्हटले, "पट्ट्याच्या मोटरीची ओळ शोध. त्या ओळीत डावीकडून कुठपर्यंत रंग आला आहे, तेवढे मला सांग." बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग तो हळूच म्हणाला, "काका, मोटरीची ओळ कोणती, तेच मला कळत नाही."

त्या रात्री मला त्याचा राग आला नाही; लाज वाटली ती माझी मला. मी त्याला गुण मिळवून दिले होते, आणि विद्या मात्र माझ्याजवळच ठेवून घेतली होती.

ही विद्या काय आहे, हे ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही अशा श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या हैदराबादेत बहुतेक घरांना अंगणात जमिनीखाली पाण्याचा संप असतो आणि गच्चीवर टाकी असते. घरातील गृहिणीला पंपाचे नियम तोंडपाठ असतात. टाकी तळाला गेली की पंप लावावा; एकदा लावला की टाकी भरेपर्यंत बंद करू नये; भरली की बंद करावा; आणि संपात पाणीच नसेल तर मुळीच लावू नये, नाहीतर पंप जळेल. आता दोन उभ्या रेघा ओढा आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायरीसारखी एक आडवी रेघ ओढा. पायरीच्या उजव्या टोकाला पंप लिहा. डावीकडून ओळीने अटी मांडा: टाकी तळाला गेली आहे काय, टाकी अजून भरलेली नाही ना, संपात पाणी आहे ना. एकामागून एक मांडलेल्या अटींचा अर्थ 'आणि' असा होतो. एकीखाली एक, समांतर मांडलेल्या अटींचा अर्थ 'किंवा' असा होतो. सर्व वाट मोकळी असेल तरच आज्ञा उजव्या टोकाला पोचते.

यातील खरी गंमत दुसऱ्या नियमात आहे. पाणी थोडे वर चढताच 'टाकी तळाला गेली' ही अट खोटी होते. मग पंप चालू राहावा कसा? त्यासाठी त्या अटीला समांतर अशी दुसरी अट मांडतात: 'किंवा पंप आधीच चालू आहे'. पंप स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. कारखान्यातील लोक यालाच होल्डिंग म्हणतात. ज्याला हे एक कोडे आपले आपण उलगडले, त्याला निम्मी विद्या आली असे समजावे.

या लिपीला शिडीचे रूप का मिळाले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पूर्वी यंत्रांचे नियंत्रण रिलेंच्या साहाय्याने होत असे. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप होणारा स्विच. मोठ्या यंत्राच्या पॅनेलमध्ये असे शेकडो रिले आणि तारांचे जंजाळ असे, आणि वायरमन लोक त्याचे नकाशे याच शिडीच्या आकारात काढीत. रिलेंच्या मागे तर्कशास्त्राचे गणित उभे आहे, हे अमेरिकेतील क्लॉड शॅनन या तरुणाने आपल्या 1937 सालच्या प्रबंधात दाखवून दिले. पुढे 1968 साली जनरल मोटर्स या मोटारकंपनीला दरवर्षी नव्या गाडीसाठी सगळ्या तारा नव्याने जोडण्याचा कंटाळा आला आणि तिने रिलेंऐवजी चालेल असे साधन मागितले. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र तयार केले ते 'मोडिकॉन 084' या नावाने 1969 साली बाहेर आले. आज त्याच्या वंशजांना आपण पीएलसी म्हणतो. तारा गेल्या, परंतु शिडी मुद्दाम राहू दिली; कारण कारखान्यातील वायरमनला जी आकृती आधीपासून वाचता येत होती, तीच त्याला नव्या यंत्रातही वाचता यावी. 1993 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातही तिला स्थान मिळाले.

म्हणजे, श्रोतेहो, ही लिपी जन्माला आली ती वाचता यावी म्हणून. रात्रपाळीच्या माणसाने यंत्राजवळ उभे राहून वाचावी म्हणून. जो ती नुसती उतरवून घेतो, तो तिच्या जन्माचा हेतूच फुकट घालवितो.

आपल्या शहराला हा विषय परका नाही. ज्या 1968 साली अमेरिकेत ती मागणी झाली, त्याच साली आपल्या बालानगरात केंद्र सरकारची टूल डिझाइनची संस्था उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना येथे झाली होती. जीडिमेटला, पाटणचेरू, चेर्लापल्ली या भागांतील कारखान्यांत आज पीएलसी ही नित्याची वस्तू आहे. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. राज्ये वेगळी झाली तरी तिकडच्या मुलांची या शहराकडे येण्याची वाट मोडलेली नाही. ही मुले अमीरपेठेत उतरतात तेव्हा त्यांना रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवणीवर्गांच्या पाट्या दिसतात. त्यांत मनापासून शिकविणारे पुष्कळ आहेत. परंतु शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तयार करून विकणारेही याच शहरात आहेत, ही गोष्ट कोणापासून लपलेली नाही. भरीस भर म्हणून आता संगणकाला प्रश्न विचारला की तोही क्षणात शिडी काढून देतो. तेव्हा उत्तर मिळविणे ही आज अडचणच राहिलेली नाही. उत्तराची पारख कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

ही पारख म्हणजे काय, हे मला एका विद्यार्थ्याने शिकविले. त्याला गृहपाठ होता तो अगदी पहिला: एक स्टार्ट बटण, एक स्टॉप बटण आणि एक मोटर. मोटर काही केल्या सुरू होत नव्हती. "सर, सगळे पुस्तकाप्रमाणे केले आहे. चूक कुठे आहे तेवढी सांगा," असे तो म्हणाला. चूक मला दुरूनच दिसली होती; परंतु या वेळी मी जीभ आवरली. मी विचारले, "स्टॉप बटणाला कोणीही हात लावलेला नसताना त्याचा दिवा कसा आहे?" त्याने पाहिले. दिवा लागलेला होता. तो चक्रावला. न दाबलेल्या बटणाचा दिवा लागावा कसा?

त्याचे कारण असे की, स्टॉप बटण मुळातच बंद जोडणीचे असते. न दाबता त्यातून वीज वाहत असते. दाबले की ती तुटते. त्यामुळे पीएलसीला ते नेहमी 'आहे' असेच दिसते. या मुलाने जुन्या रिलेच्या नकाशातील बंद काँटॅक्टची खूण जशीच्या तशी शिडीत काढली होती. शिडीत तिचा अर्थ 'हे नसेल तर पुढे जा' असा होतो. आणि ते तर सदैव होते. म्हणून वाट कायम अडलेली.

हे मी त्याला सांगितले नाही. अर्ध्या तासाने तो हसत आला. मोटर चालत होती! त्याने शिडी तशीच ठेवली होती आणि बटण मात्र बदलून उघड्या जोडणीचे लावले होते. स्टार्ट दाबले की सुरू, स्टॉप दाबले की बंद. परीक्षकाने पूर्ण गुण दिले असते. मी मोटर चालू ठेवायला सांगितली, स्टॉप बटणाची एक तार स्क्रूतून सोडविली आणि म्हटले, "आता थांबव." त्याने बटण दाबले. मोटर फिरत राहिली. त्याने पुन्हा दाबले, अंगठ्याने जोर करून दाबले. मोटर फिरतच राहिली. टेबलावरची ती हाताएवढी मोटर. तिने कोणाचे काय वाकडे होणार? परंतु त्या मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "सर, आत कोणाचा हात असता तर?"

मी काही बोललो नाही. त्याने स्वतःच बटण पुन्हा बंद जोडणीचे केले आणि शिडीतील खूण बदलली. मग त्याने स्वतःच तार सोडवून पाहिली. मोटर तत्क्षणी थांबली. तार तुटली, स्क्रू ढिला झाला, उंदराने कुरतडली, काहीही झाले तरी यंत्राने थांबण्याच्या बाजूला पडावे, हा या विद्येतील पहिला धर्म आहे. संकटकाळच्या लाल बटणासाठी तर तेवढ्यावरही न विसंबता वेगळी, तारांनी जोडलेली व्यवस्था ठेवतात.

आता विचार करा. दोन्ही शिड्या कागदावर सारख्याच नीटनेटक्या होत्या. दोन्हींनी मोटर चालत होती. एक माणसाला वाचविणारी होती, दुसरी घात करणारी. मी आरंभीच योग्य खूण काढून दिली असती, तर त्या मुलाच्या वहीत बरोबर उत्तर आले असते. पण ते बरोबर का आहे, हे त्याला कधीच कळले नसते, आणि पुढे एखाद्या घाईच्या दिवशी त्याने बटण बदलून वेळ मारून नेली असती.

मग मदत करूच नये काय? तसे मुळीच नाही. 'तुझे तू पाहा' असे म्हणून पाठ फिरविणारा शिक्षक हा उत्तर देऊन मोकळ्या होणाऱ्या शिक्षकाचाच भाऊ होय. दोघांनाही आपला वेळ वाचवावयाचा असतो. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने 1945 साली प्रश्न सोडविण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. शिक्षकाची मदत फार नसावी आणि फार थोडीही नसावी, विद्यार्थ्याच्या वाट्याला कामाचा योग्य हिस्सा उरावा, असे त्याचे सांगणे आहे. हे मध्यम माप कसे साधावे, याविषयी अनुभवाने ठरलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, शिडी काढण्यापूर्वी यंत्राने काय करावयाचे, ते विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या भाषेत वदवून घ्यावे. या शहराला भाषेचे महत्त्व सांगावयास नको. 1918 साली येथे उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्याच्यासाठी आदल्या वर्षीच भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले होते. 1929 साली त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. देशी भाषेतून यंत्रविद्या शिकविता येते, हे त्या प्रयोगाने दाखविले; मात्र मराठी, तेलुगू, कानडी मुलांना ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. आपल्या मुलांना आपल्या भाषेतून शिकता यावे, म्हणून येथील मराठी मंडळींनी 1907 सालीच विवेकवर्धिनी ही शाळा काढली होती. तेव्हा पीएलसीच्या खुणा इंग्रजी पुस्तकातील असल्या, तरी 'टाकी भरेपर्यंत पंप बंद होऊ नये' हे वाक्य मुलाला मराठीत आधी म्हणता आले पाहिजे. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याची अडचण शिडीची नसते, विचाराची असते. आणि ती शिडी काढून देऊन दूर होत नाही.

दुसरी गोष्ट, तक्ता. कोणत्या वस्तू यंत्राला कळवितात आणि कोणत्या वस्तूंना यंत्र हुकूम देते, यांची दोन रकान्यांत यादी करावी. आणि प्रत्येकीपुढे 'कोणी हात लावला नसता तिची स्थिती काय' हे लिहावे. स्टॉप बटणाचे रहस्य या एका रकान्यात उलगडते.

तिसरी गोष्ट, बोटाने फेरी मारणे. पीएलसी आधी सर्व बटणांची स्थिती टिपून घेतो, मग शिडी वरून खाली पायरी-पायरीने वाचतो, आणि शेवटी मोटरींना हुकूम देतो. काही सहस्रांश सेकंदांत ही फेरी पुरी होते आणि पुन्हा सुरू होते. विद्यार्थ्याला म्हणावे, "आता तूच यंत्र हो." त्याने बोट ठेवून प्रत्येक पायरी वाचावी आणि निकाल कागदावर मांडावा. एकाच मोटरीला दोन पायऱ्यांवर हुकूम लिहिला असेल, तर खालच्या पायरीचा हुकूम वरच्याला पुसून टाकतो, ही नवशिक्यांची ठरलेली चूक त्याला आपल्याच बोटाखाली सापडते. आपण सापडविलेली चूक माणूस सहसा पुन्हा करीत नाही.

चौथी गोष्ट, शेजारचे उदाहरण. विद्यार्थ्याला मोटर उलटसुलट फिरविण्याचा प्रश्न असेल, तर आपण त्याच्यासमोर पाण्याच्या टाकीचा प्रश्न पूर्ण सोडवून दाखवावा, काहीही न लपविता. अगदी नवख्याला सोडविलेली उदाहरणे अभ्यासण्याने पुष्कळ लाभ होतो, हे जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 साली बीजगणिताच्या प्रयोगांनी दाखविले आहे. तेव्हा उत्तर दाखविण्यात पाप नाही. फक्त ते उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे असावे, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा पूल विद्यार्थ्याला स्वतः बांधावा लागेल.

यावर कोणी म्हणेल, की हे सर्व सावकाशीचे आहे. वही तर उद्या द्यावयाची आहे, आणि खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यानेच कॉलेज पाहिलेल्या मुलाला एवढे ताणणे ही निर्दयता नव्हे काय? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. अशा मुलाची वही अपुरी गेली तर त्याचे गुण जातात, हे खरे आहे. म्हणून शिक्षकांनीही अपुऱ्या पण स्वतःच्या कामाला मान दिला पाहिजे, आणि नक्कल केलेल्या निर्दोष कामापेक्षा त्याला अधिक गुण दिले पाहिजेत. 'ही ओळ तू अशी का काढलीस?' एवढा एक प्रश्न तोंडी विचारला, तरी कोणते काम कोणाचे आहे हे कळून येते. परंतु ज्या मुलाच्या घरी विचारायला कोणी नाही, त्यालाच विद्येची गरज अधिक आहे. श्रीमंताच्या मुलाला नोकरी गेली तर दुसरा आधार असतो; याला रात्री दोन वाजता पडद्यासमोर आपल्या अकलेशिवाय दुसरा सोबती नाही.

त्या नांदेडच्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली, ती पुरी करतो. त्या रात्री आम्ही फोनवरून एकेक पायरी वाचीत गेलो. पट्ट्याच्या कडेचा एक लिमिट स्विच धुळीने अडकला होता. तो सापडायला दीड तास लागला. पुढच्या रविवारी तो घरी आला. या वेळी त्याच्या हातात वही नव्हती. तो म्हणाला, "काका, टाकीपासून सुरू करू या." आम्ही टाकीपासून सुरू केले. तो अडला की मी गप्प बसत असे, आणि ते गप्प बसणे मला आकृती काढण्यापेक्षा फार जड जात असे. चारपाच रविवार गेले. मग तो येईनासा झाला, कारण त्याला माझी गरज उरली नाही.

आपल्या घरात, शेजारात, ओळखीत असा एखादा विद्यार्थी असेलच. तो वही घेऊन आला तर त्याला परत पाठवू नका. त्याला बसवा, चहा द्या, त्याच्या शेजारी बसा. पेन्सिल मात्र त्याच्याच हातात राहू द्या.